शकूताई आणि उतारावरचं गवत

शकूताईची आठवण झाली की मला राग येतो. ती समोर होती तेव्हा तिचाच यायचा, आणि तो दिवसातून चार वेळा. आता येतो तो बाकीच्यांचा. बायको म्हणते, झालं गेलं, किती दिवस उगाळत बसणार? मी म्हणतो, बसणार. ज्यांनी विसरायला नको होतं ते खुशाल विसरून पेढे खाऊन मोकळे झाले, मग एकाने तरी उगाळायला नको?

चाकणला आमची कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवते. मी तिथे ॲडमिनला आहे. कँटीनची डाळ पातळ झाली, बस चुकली, संडासात पाणी नाही, की ज्याच्या नावाने खडे फोडायचे तो मी. बागही माझ्याकडेच, आणि बाग म्हणजे शकूताई. ती कुरुळीची, तिथलीच मूळची. कागदोपत्री ती आमची नव्हतीच. बागेचा ठेका निगडीच्या एका माणसाकडे होता आणि शकूताई त्याची सुपरवायझर. तो ठेकेदार कसा दिसतो हे विचारलं तर मला आजही धड सांगता येणार नाही. बाकी सगळा कारभार तिचा. समोर मी तिला "अहो शकूताई" म्हणायचो, पण मनात ती कायम एकेरीतच राहिली. अजूनही तशीच येते.

उंच, हाडापेराने दणकट बाई. साडीवर कंपनीचा निळा शर्ट, डोक्याला घट्ट आवळलेला रुमाल. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. असा हात माणसं पदराखाली ठेवतात. शकूताई त्याच हाताने चहाचा कप धरायची, त्याच हाताने बायकांना कामं वाटायची, आणि नवा साहेब आला की "जय भीम साहेब" म्हणत तोच हात वर करायची. साहेब दचकून नजर खाली करायचा. मग ती माझ्याकडे बघायची, "ह्ये बी शोभेचंच निगालं" अशा अर्थाने.

शोभेचं हा तिचा सगळ्यात मोठा अपमान. जे कामाचं नाही ते शोभेचं. फुलझाडांना ती कधी शोभेची म्हणाली नाही. माणसांना म्हणायची. एकदा आमचे प्लांट हेड, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात, फोनवर बोलत बोलत ओल्या लॉनवरून सरळ चालत निघाले. नवीन गवत लावून आठवडाही झाला नव्हता. शकूताई गेट नंबर दोनला होती. तिथून ओरडली, "ओ साह्येब, पायवाट काय आमी शोभेला केलीया?" शिफ्ट सुटत होती, दोनशे माणसं तरी बघत असतील. साहेब थांबले, मागे वळले आणि ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत गेले. म्हणजे गवत दुसऱ्यांदा तुडवलं. त्यावर ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

मला तर ती "ॲडमिन" अशीच हाक मारायची. नाव म्हणून. "ओ ॲडमिन, पाईप फुटलाय." "ओ ॲडमिन, बायांना हातमोजं कवा येनार, आमच्या तेराव्याला?" हातमोजे यायला खरंच उशीर व्हायचा. कारणं असायची, पण तिला कारण सांगणं म्हणजे आणखी चार वाक्यं अंगावर घेणं. काम चालू असताना ती कधी बसलेली मी पाहिली नाही. चहा उभ्याने, डबा उभ्याने. आणि एक सवय. कुठलंही मशीन चालू करायच्या आधी ती त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारायची. साधं पाठीवर अडकवायचं गवत कापायचं यंत्र असलं, तरी ते जमिनीवर ठेवून त्याला फेरी. आम्ही हसायचो. देवळात आल्यासारखी करते, म्हणायचो.

तिची बोटं कशी गेली हे तिने मला एकट्याला कधी सांगितलं नाही. सेफ्टी सप्ताहात सगळ्यांसमोर सांगितलं. सेफ्टी ऑफिसर पडद्यावर चित्रं दाखवत होता आणि पुढच्या रांगेत मोठे साहेब मोबाईल बघत होते. प्रेस मशीनला दोन बटणं का असतात हे तो समजावत होता. दोन्ही हात बटणांवर असले तरच मशीन खाली येतं, म्हणजे हात मध्ये सापडत नाही. मागून शकूताई उठली.

"आन् येका बटनात काडी खोचली तर?"

ऑफिसर म्हणाला, "तसं करायचं नसतं ताई."

"करायचं नसतंय ते ठावं हाय मला. भोसरीला मी प्रेसवर हुते तवा समदीच करत हुती. येका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटन दाबायचं, माल दुप्पट निगतो. पयल्या दिवशी बाजूच्या बाईनं माजं नाव इचारायच्या आदी काडी कुठं खोचायची ते दावलं."

"मालकाने सांगितलं होतं का तसं?"

"मालक बगत हुता. बोलत न्हवता." मग तिने तो हात वर केला. "काडी मी खोचली. माज्या हातानं. ह्याच हातानं. आता फुडचं चितर दावा."

मोठ्या साहेबांनी मोबाईल खिशात ठेवला, निदान त्या दिवसापुरता. पुढे तिच्या डोक्यात जे होतं ते सगळं या एका गोष्टीतून आलेलं होतं. तिचं एकच म्हणणं: माणूस जागेवरून हलला की मशीन मेलं पाहिजे. आपल्या हाताखालच्या एकाही माणसाचं बोट, पाय, काही जाता कामा नये. बाग जळून गेली तरी चालेल.

मग आमच्या कंपनीला ट्रॅक्टर घ्यायची लहर आली.

झालं असं की नवी कँटीन बांधली. परदेशी गिऱ्हाईक आलं की त्याला तिथे जेवू घालायचं म्हणून एक अख्खी भिंत काचेची केली, आणि ती काच नेमकी मागच्या उताराकडे तोंड करून. तो उतार म्हणजे नाल्यापर्यंत जाणारी काळी माती, खाचखळगे आणि कमरेएवढं गवत. त्यात साप. काचेपलीकडे साप आणि अलीकडे गिऱ्हाईक सूप पितंय, हे साहेबांना पटेना. पुढचं मोठं लॉन आणि मागचा उतार, दोन्हीचं गवत आता ट्रॅक्टरने कापायचं, असं ठरलं.

डीलरने दोन मशीनं आणली. एक बुटकी, बसून चालवायची गाडी, पोटाखाली फिरती पाती. तो तिला गार्डन ट्रॅक्टर म्हणायचा. दुसरा लहान ट्रॅक्टर, शेतातल्याचं धाकटं भावंड. चारही चाकांना ताकद, चालवणाऱ्याच्या डोक्यावर लोखंडी कमान, कमरेला पट्टा, आणि पोटाखाली गवताची पाती लावायची सोय. उलटला तर कमान माणसाला चिरडू देत नाही. मला हा हवा होता, कारण मागे पाण्याचा टँकरही जोडता आला असता.

चाचणी कुठे घेतली? पुढच्या लॉनवर. सपाट, वाळलेल्या, कोवळ्या गवताच्या लॉनवर. का, तर ते साहेबांच्या केबिनमधून दिसतं. आमच्याकडे बोटाएवढ्या पत्र्याच्या तुकड्याला तापवून, वाकवून, ठोकून बघतात आणि मग पास करतात. आणि जे मशीन उतारावर जाणार त्याची परीक्षा गालिच्यावर. हे आठवलं की माझं डोकं आजही फिरतं.

शकूताईने दोन्ही मशीनांना फेऱ्या मारल्या. मग डीलरच्या माणसाला म्हणाली, "पाती चालू ठिव आन् उटून उबा ऱ्हा."

गार्डन ट्रॅक्टरच्या सीटखाली एक स्विच होता. माणूस उठल्याबरोबर इंजिन गप्प. लहान ट्रॅक्टरवरून तो उठला तर पाती आपली गरगरत राहिली. त्या मॉडेलला तसा स्विच नव्हताच.

"संपलं," शकूताई म्हणाली. "ही बुटकी घ्या."

मी म्हटलं, "अहो शकूताई, मागच्या उतारावर ही हलकी गाडी टिकायची नाही. मागची दोनच चाकं ओढतात हिची."

"उतार म्हंजी काय गडाचा कडा हाय व्हय? ॲडमिन, तुमाला टँकर ओडायचाय म्हून माज्या मानसाला त्या फिरत्या पात्यावर बशिवता?"

मी वाद घालून घालून घसा बसवून घेतला. साहेबांनी खिडकीतून पाहिलं होतं की बुटकी गाडी गवतावर छान पट्टे पाडते, फोटोत येतील असे. त्यांनाही तीच हवी होती. दोघांची कारणं वेगळी आणि मशीन एकच, तेव्हा माझं कोण ऐकतो. गार्डन ट्रॅक्टर आला. चालवायला ठेकेदाराने बालाजीला धाडलं. तो लातूरकडचा, पूर्वी ट्रकवर होता, दोन मुलींचा बाप. गाडी कुठलीही असो, हा माणूस तिच्यावर बसल्यावर गाणं म्हणायचा.

पुढचं लॉन झकास निघालं. मग गाडी उतारावर उतरवली. शकूताई बाजूने चालत होती, मी वर काचेशी उभा होतो. बालाजीने गाडी वळवली तेव्हा पुढचं एक चाक जमिनीवरून उचललं गेलं. वीतभरच. गाणं थांबलं. शकूताईने धावत जाऊन उचललेल्या बाजूच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी भार टाकला आणि चाक खाली बसलं. तिने त्याला तिथेच उतरवलं, गाडी बंद करायला लावली आणि तशीच, चिखलाच्या पायांनी, साहेबांच्या मीटिंगमध्ये शिरली. तिच्या मागून मी.

"माजं चुकलं," ती म्हणाली.

साहेबांना काही कळेना. कळणार कसं? हे दोन शब्द त्या खोलीत त्याआधी कुणी उच्चारले असतील असं मला वाटत नाही. तिथे चुका होत नाहीत, "लर्निंग" होतं.

"मी उटायचा स्विच बगितला, उतार बगितला न्हाई. ॲडमिन खरं बोलत हुता. ही गाडी फुडंच ठिवा. मागं न्ह्यायची आसंल तर कमानीचा ट्रॅक्टर आना. आन् त्यो आनताना स्विच असल्याला आना. दोनी पायजे."

"ताई," साहेब हसले, "पॉझिटिव्ह राहा. तुम्हीच तर पास केली होती ना?"

"व्हय. म्हून तर मीच सांगाया आले."

त्या हसण्याचा मला अजून राग आहे. चूक कबूल करणाऱ्या माणसाला त्याचीच चूक दाखवून गप्प करायचं, ही पद्धत आमच्याकडे चांगली रुळलेली आहे. तडजोड म्हणून एक पाटी लावली: गाडी फक्त पुढच्या लॉनवर. पाटीवर सही साहेबांची. मागचा उतार बायकांनी पाठीवरच्या यंत्रांनी कापायचा.

पण त्या स्विचचा एक त्रास होताच. बालाजी जरा कलला, चाक खड्ड्यात आपटून तो सीटवरून उडाला, की इंजिन बंद. रस्त्याकडच्या कुंपणावरून माणसं पाण्याच्या बाटल्या आत फेकतात, त्या उचलायला उतरायचं तर पाती बंद करा, ब्रेक लावा, परत सगळं सुरू करा. बालाजी वैतागला. आमचे मेंटेनन्सचे दळवी मदतीला धावले. त्यांनी सीटखालचा प्लग स्विचपासून उपटला आणि त्याच्या दोन भोकांत वायरचा तुकडा घालून ठेवला. आता गाडीला वाटायचं, माणूस कायम बसलेलाच आहे. शॉपफ्लोअरवर सेन्सरने मशीन थांबवलं की हाच उपाय करतात. प्रॉडक्शन थांबता कामा नये. गवतालाही आम्ही प्रॉडक्शनच लावलं.

दुसऱ्या सकाळी शकूताईच्या फेरीत ते सापडलं. तिने वायर उपटली, कँटीनमध्ये गेली आणि दळवींच्या पोह्याच्या बशीत टाकली.

"ह्यी तुमची काडी."

दळवी म्हणाले, "ओ ताई, पाच रुपयाच्या वायरसाठी एवढा तमाशा?"

"काडी तर फुकाट हुती."

त्यानंतर रोजचा खेळ झाला. दळवी घालायचे, ती काढायची. एकदा बालाजीच मध्ये पडला. "ओ शकूताई, मी काय करू सांगा. टप्प्याटप्प्याला बंद पडायलीय ही. काम पुरं नाही झालं तर बोलणं मला बसतंय."

"बोलनं बसतंय?" तिने हात त्याच्या नाकासमोर धरला. "ह्ये बग. बोलनं परवाडलं. पोरींना काय सांगनार हाईस, बोलनं खाया नगं म्हून पाय दिला?"

बालाजी मान खाली घालून गाडीवर बसला. गाडी परत बंद पडली. त्याने शिवी घातली, पण वायर स्वतःहून कधी घातली नाही.

मग भाद्रपद आला, पाऊस लागला, आणि त्यातच परदेशी गिऱ्हाइकाच्या ऑडिटची तारीख पडली. उतारावर गवत पुरुषभर वाढलं होतं. बायकांना साहेबांनी पुढे कठडे रंगवायला, कुंड्या मांडायला लावलं होतं, म्हणजे मागे कापायला कुणीच नाही. आदल्या दिवशी दुपारी साहेबांनी काचेतून बाहेर पाहिलं आणि दळवींना म्हणाले, उद्या सकाळी ट्रॅक्टर खाली घाला. त्यांची स्वतःची पाटी चार पावलांवर होती.

शकूताईला कळलं तेव्हा तिने गाडीची चावी काढून कनवटीला लावली आणि गाडीसमोर उभी राहिली. मी होतो तिथे, दळवी होते, बालाजी होता. साहेब स्वतः खाली आले, त्यांच्यावर छत्री धरायला सिक्युरिटीचा माणूस.

"चावी द्या."

"पाटीवर तुमची सई हाय साह्येब."

"एका दिवसाचा प्रश्न आहे ताई. ऑडिट झालं की बघू."

"चिकूल झालाय. चाक घसरनार. ह्यो नाल्यात जानार."

"तुम्ही फार निगेटिव्ह बोलता."

"मंग तुमी बसा. तुमी चालवा, मी कापलेलं गवात उचलते."

मी मध्ये बोललो. म्हटलं, साहेब, मी सकाळी बाहेरून यंत्रवाली माणसं आणतो, होईल काम. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दळवींना म्हणाले, "स्पेअर चावी असेल ना?" होती, त्यांच्या ड्रॉवरमध्ये. ते आणायला गेले, साहेब वर गेले. शकूताई गाडीकडे वळली. मग तिने सीट उचलली. वायर होतीच. ती उपटून तिने नाल्याकडे भिरकावली, प्लग स्विचवर परत बसवला आणि कुंपणाच्या बारीक तारेने तो असा करकचून बांधला की पक्कड घेऊन बसल्याशिवाय सुटू नये. तीनच बोटांचा तो हात, पण पीळ घालताना त्याला कुठे अडलं नाही.

"आता ह्यो सीटवरनं उटला का पडला, मशीन मरंल," ती मला म्हणाली. मग बालाजीकडे वळून, "उद्या न्हाई म्हन. म्हन्शील?"

बालाजी म्हणाला, "बगतो ओ ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर तिचं कार्ड वाजलं नाही. कंपनीने तिला काढलं असं नाही. कंपनी कुणाला काढतच नाही. ठेकेदाराला फोन जातो आणि कार्ड वाजायचं बंद होतं. मी गेटवर जाऊन सिक्युरिटीशी भांडलो, साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळलो. ते ऑडिटवाल्यांना आणायला विमानतळावर निघून गेले होते. आणि मी तिथे उभा असतानाच मागून ओरडा ऐकू आला.

बालाजी "नाही" म्हणू शकला नव्हता. कार्ड वाजणं त्याचंही बंद होऊ शकत होतं, आणि हे त्याने गेटवर नुकतंच पाहिलं होतं.

मी पोचलो तेव्हा गाडी नाल्याच्या कडेला आडवी पडली होती आणि तिच्याखाली बालाजीचा डावा पाय. मला सगळ्यात आधी काय जाणवलं असेल तर ती शांतता. इंजिन बंद होतं. गाडी कलंडताना तो सीटवरून निसटला आणि त्याच क्षणी ती मेली. पाती त्याच्या पोटरीपासून हातभर अंतरावर उघडी पडली होती, गवताने हिरवी, थांबलेली. आम्ही सहा जणांनी गाडी उचलली. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पाय मात्र होता.

ऑडिट झालं. गिऱ्हाइकाला पुढच्या पट्ट्यांवरून नेलं, काचेला पडदे लावले. आम्ही पास झालो. संध्याकाळी पेढे वाटले. माझ्या टेबलावर ठेवलेला पेढा मी कचऱ्यात टाकला, आणि तो टाकताना मला कुणी पाहिलं नाही याचंही वाईट वाटलं.

मग चौकशी बसली. अपघाताचं कारण काय निघालं? "सीटखालील विद्युत जोडणीशी ठेकेदाराच्या कर्मचाऱ्याने केलेली अनधिकृत छेडछाड." म्हणजे ती तार. जिने बालाजीचा पाय वाचवला ती तार. मी चौकशीत स्पष्ट सांगितलं की उतारावर जायचा हुकूम कुणी दिला, आधी वायर कोण घालत होतं, आणि ही छेडछाड नसती तर आज तुम्ही कशाची चौकशी करत असता. सगळ्यांनी माना डोलावल्या. अहवालात यातलं एक अक्षर नव्हतं. दळवी माझ्याशी अजून बोलत नाहीत. बरंच आहे.

बालाजी चाकणच्या एका दवाखान्यात पडून होता. मी गेलो की तो म्हणायचा, "शकूताई आत्ताच गेल्या बगा. रोज भाकरी आणतेत आन् रोज शिव्या देतेत. भाकरी संपूस्तोवर थांबत नाहीत ओ." हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो हसायचा. मला हसू येत नसे.

दसऱ्याला कंपनीत नवा लहान ट्रॅक्टर आला. चारही चाकांना ताकद, वर कमान, पट्टा, आणि माहितीपत्रकात छापलेलं की सीटखाली स्विच आहे. तिने मागितलं होतं अगदी तेच. झेंडूचे हार घातले, नारळ फोडला, साहेबांनी "सेफ्टी फर्स्ट" वर भाषण केलं. सगळे टाळ्या वाजवत होते. तिचं नाव कुणी घेतलं नाही. मी घेतलं, मोठ्याने घेतलं, पण तेवढ्यात फोटोसाठी गर्दी झाली. पुढे पाय बरा झाल्यावर थोडा लंगडत बालाजी त्याच ट्रॅक्टरवर परत कामाला लागला.

त्यानंतर एका रविवारी मी चाकणच्या बाजारात कांदा घ्यायला गेलो. एका आडत्याच्या शेडमध्ये बायका ढिगाभोवती बसून कांदे निवडत होत्या, आणि एक बाई उभ्याने निवडत होती. मी हाक मारली. शकूताईने मान वर केली. थोडी वाळली होती. रुमाल तसाच आवळलेला.

मला फार आनंद झाला, खरंच झाला. ही बातमी तिला आपणच सांगायची म्हणून मी घाईने बोलायला लागलो. म्हटलं, "शकूताई, तुमचं ऐकलं शेवटी. कमानीचा ट्रॅक्टर घेतला कंपनीने. बालाजी चालवतो. मजेत आहे, परत गाणी म्हणतो."

ती हसली नाही. "उटल्याव बंद पडतो?"

"हो, स्विच आहे ना त्याला. पत्रकात आहे."

"पत्रकात हाय ते झालं. सीट उचलून बगितली का?"

"नाही, म्हणजे..."

"दळवी हाय अजून?"

"आहे."

"आन् ट्रॅक्टर आल्यापून सीट कुनी उचलून बगितलीच न्हाई?"

बाजूच्या बायका हात थांबवून बघायला लागल्या होत्या. शकूताईने हातातला कांदा ढिगात फेकला.

"मंग माज्याकडं काय हसत आलास?" ती ओरडली. सगळ्या शेडला ऐकू गेलं. "कांदं घ्याया आलाय! आज रैवार. उद्या सकाळी त्यो बालाजी त्येच्याव बसनार हाय. जा. आत्ता जा आन् सीट उचल."

मी म्हटलं, "शकूताई, उद्या सकाळी लवकर जाऊन..."

"आत्ता!"

मी रिकामी पिशवी तशीच हातात घेऊन निघालो. बाजाराबाहेर ट्रकांची रांग लागली होती, त्यातून गाडी काढायला वेळ लागला. वळणावर मागे पाहिलं तर ती शेडबाहेर रस्त्याच्या कडेला येऊन उभी होती, हात कमरेवर. मी कंपनीच्या दिशेनेच वळतो की घराच्या, ते बघत होती.